शाल अशी घ्यायची

॥ श्री वीतरागाय नमः ॥

सातारा,
शुक्रवार, ३१ जानेवारी १९७५

प्रिय चंदन,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेलं रजिस्टर पार्सल सोमवारी, तेरा तारखेला पोचलं. वर चार रुपये दहा पैशांची तिकिटं होती. आत निघालं ते असं: लोकरीची मोरपंखी शाल एक. मनगटी घड्याळ एक, चालू. शाईचं पेन एक. केसांच्या आकड्यांची आणि रिबिनींची पत्र्याची डबी एक. बी.ए.च्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका. तुझ्या हातची चार ओळींची चिठ्ठी. आणि एक टाइप केलेला कागद, त्याच्यावर खाली अण्णांच्या सहीसाठी एक रेघ आणि माझ्या सहीसाठी एक. पाटल्या तू दिवाळीतच माझ्या हातात ठेवल्या होत्यास, त्यामुळे त्या धरल्या नाहीत. सगळं वहीत उतरवून घेतलं. शालीची जुनी नोंद शोधली तर लोकरीचे सव्वीस रुपये लिहिलेले सापडले. कागद कसला आहे ते वाचल्यावर कळलं. आमच्या मुलीनं क्षुल्लिका, म्हणजे साध्वीपणाची पहिली, दीक्षा घेऊन घर सोडायला आम्हा आईबापांची हरकत नाही, असा तो आहे. त्याचं शेवटी लिहिते. आधी शालीचं लिहू दे.

चिठ्ठीत तू लिहिलंस, "अव्वा, ही शाल तुझ्याजवळच राहू दे. लोकर माझ्या व्रतात बसत नाही. तूच लहानपणी सांगितलं होतंस." सांगितलं होतं, नाही म्हणत नाही. पण पार्सल सोडल्यापासून माझ्या मनानं एक वेगळंच घेतलंय. मला वाटतं, तुला ती शाल धड घेताच आली नाही, म्हणून तुझं तिच्याशी जमलं नाही. विणून दिली, पेटीत घातली आणि एस.टी.त बसवून दिलं. कशी घ्यायची ते आईनं सांगायला हवं होतं, ते राहूनच गेलं. तेव्हा आज सांगते. हसू नकोस. अण्णा कचेरीत गेलेत, दुपारचं पाणी गाळून झालंय, आणि दिवस मावळायच्या आतल्या जेवणाला अजून चार तास आहेत.

ती झाली कशी, तेही तुला अर्धंच ठाऊक आहे. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तू मॅट्रिक झालीस आणि अण्णांनी सांगलीला कॉलेजात तुझं नाव घातलं, राहायला आपल्या समाजाचं मुलींचं होस्टेल. त्याच महिन्यात शेजारच्या अंजनाचे मालक कृष्णात पठाणकोटहून सुट्टीवर आले आणि येताना लोकरीच्या लड्या घेऊन आले. अंजना दोन वर्षं त्यांच्याबरोबर तिकडच्या क्वार्टरात राहून विणकाम शिकून आलेली. मला सुया कशा धरायच्या तेही माहीत नव्हतं. पहिली वीतभर विणून दाखवली तर म्हणाली, "आवं वयनी, ही शाल हाय का मच्छरदानी? धागा वढा की जरा!" मग मी घट्ट विणलं, तर म्हणते, "आता सतरंजी झाली. पोरीला पांघरायला देताय का बसाय?" तीन वेळा उसवली. कृष्णात ओट्यावरून ऐकत असायचे. म्हणाले, "वयनी, आमच्या पलटणीत रंगरुटाला पन एवढ्या शिव्या पडत न्हाईत." तू आतल्या खोलीत पुस्तकांना कव्हर घालत होतीस आणि तुझ्या हसण्याचा आवाज येत होता.

शाल सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद. एवढी मोठी कशाला, असं अण्णा म्हणाले होते. पण लहान शाल एकाच तऱ्हेनं घेता येते, मोठी सहा तऱ्हांनी, म्हणून मी लोकरीला हात आखडला नाही.

रोजची सांगते. लांबीत दुहेरी घडी घालायची, घडीची बाजू मानेकडे ठेवायची आणि दोन्ही खांद्यांवरून पुढं सोडायची. टोकं सारखी ठेवायची नाहीत, उजवं जरा लांब. म्हणजे वारं आलं की तेच टोक डाव्या खांद्यावर टाकलं, झालं. वर्गात बसताना, बाजारात जाताना, पाहुण्यांत, कुठंही चालते. पदर आत राहतो, दिसतो, झाकत नाही. आमच्या वेळी असं घेणाऱ्या बाईला चार लोकांत उठून दिसायची हौस आहे असं म्हणायचे. आता कुणी म्हणत नाही.

कामाला ती सोयीची नाही. कामाला कोन काढून घ्यायची. एक टोक समोरच्या टोकावर आणलं की त्रिकोण होतो, तो पाठीवर टाकायचा, पुढची टोकं छातीवर एकमेकांवरून नेऊन मागं कमरेवर गाठ मारायची. हात मोकळे राहतात. अंजना याला फौजी गाती म्हणते. आपली गाती निराळी. तुला आठवते का, चौथीत होतीस, सकाळची शाळा, आणि साताऱ्याची थंडी. तेव्हा शाल नव्हती. अण्णांचं जुनं उपरणं तुझ्या अंगाभोवती घेऊन मानेमागं गाठ मारून द्यायची मी. गाठ घट्ट झाली की तू जीभ बाहेर काढून मेल्याचं सोंग करायचीस आणि मी म्हणायचे, उशीर झालाय, आता मरू नकोस, मधल्या सुट्टीत मर.

त्याच वर्षीची ती गोष्ट, जिच्यावर तू आज बोट ठेवलंस. पौष महिना होता, तुझा कान ठणकत होता, आणि मामानं दिलेली लोकरीची कानटोपी तू घातली होतीस. आपण बस्तीत देवाच्या दर्शनाला गेलो. दारात मी तुझी टोपी काढून चपलांशेजारी कट्ट्यावर ठेवली. तू कानावर हात दाबून विचारलंस, का? मी सांगितलं, लोकर आत चालत नाही, ती जिवाच्या अंगावरची असते. माझ्या आईनं मला सांगितलं होतं तसंच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. मी तिला पुढं काही विचारलं नव्हतं. तू विचारलंस. घरी आल्यावर उंबऱ्यात मी टोपी परत घालायला लागले तेव्हा मागं सरून म्हणालीस, "बस्तीत चालत नाही तर घरात कशी चालते? आणि घरात चालते तर बस्तीत का नाही?" मी म्हटलं, घरात चालते म्हणून चालते, कान दुखतोय ना, घाल. तू घातलीस. पण माझं उत्तर तुला पटलं नाही हे मला दिसलं होतं, आणि मी त्यावर भाकरी थापायला बसले.

मग त्या उन्हाळ्यात पलूसकडं आपल्या शेतावर धनगरांनी मेंढरं बसवली होती, तिथं तू काकांना न सांगता गेलीस. बिराप्पा म्हणून म्हातारा धनगर लोकर कातरत होता. तू त्याच्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी. म्हणालीस, तिला थंडी वाजत असेल. बिराप्पा हसून म्हणाला, "न्हाई गं ताई, उन्हाळा हाय. हलकं वाटतंय तिला. बग कशी उड्या मारतीया." मग तू म्हणालीस, पण तिला विचारलं का? त्यावर म्हाताऱ्यानं कात्री खाली ठेवली, असं काका सांगतात. "एवढी वर्सं कातरतोय, पर ह्ये कवा मनात आलं न्हाई," असं म्हणाला आणि त्यानं तुला आपलं घोंगडं पांघरून खोळ घालून दाखवली. एक कोपरा आत दुमडायचा, मग ती दुमड टोपीसारखी डोक्यावर बसवायची, कपाळापर्यंत आणायची आणि बाकीचं घोंगडं पाठीवरून खाली सोडायचं. गाठ नाही, टाचणी नाही. कान, मान, पाठ, सगळं एकदम झाकतं. तू ती शिकून आलीस आणि घरात चादरीची खोळ घेऊन मेंढरासारखी ओरडत हिंडलीस. खोळ शालीचीही होते. ती विसरू नकोस. तिच्याबद्दल मला पुढं पुन्हा लिहायचंय.

लग्नकार्यातली तऱ्हा वेगळी. शाल चार बोटं रुंदीची पट्टी होईपर्यंत घडी घालायची, डाव्या खांद्यावर पदराच्या वर ठेवायची, आणि खांद्याशी आतून एक टाचणी. नुसती शोभेची, ऊब काही नाही. ही मी तुला कधी दाखवली नाही, कारण ही मी तुझ्यासाठी राखून ठेवली होती. त्र्याहत्तरच्या जानेवारीत सांगलीचं ते स्थळ आलं होतं, हळदीची अडत असलेलं. मी मनातल्या मनात तुझ्या खांद्यावर ती मोरपंखी पट्टी ठेवूनही पाहिली होती, जांभळ्या इरकली लुगड्यावर. तू नको म्हणालीस. आम्ही म्हटलं, शिकू दे. आणखी काही असेल असं आमच्या डोक्यात आलं नाही.

आता तुझी तऱ्हा. ती मी शिकवलेली नाही, तूच काढलीस. शाल पुरी होऊन मी सुया काढल्या त्या दिवशी अंजनानं ती उजेडात धरली आणि ओरडली, "आवं वयनी, ह्यो बगा, कोपऱ्यात टाका गळलाय न्हवं! मागं चार वळी उसवा." तुझी गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाची होती. मी म्हटलं, राहू दे, कोण बघतंय. अंजनानं तोंड वाकडं केलं, पण तिनंच त्या भोकाभोवती धागा फिरवून गाठ मारून दिली, उसवत जाऊ नये म्हणून. अंगठा जाईल एवढं भोक राहिलं. मला ती शाल पाठवताना लाज वाटली होती, की चार मुलींत लेकीची शाल भोकाची. आणि दिवाळीला तू घरी आलीस तर काय बघते, शाल पाठीवरून घेतलेली, तो कोपरा डाव्या हातावर आणलेला आणि अंगठा त्या भोकातून बाहेर. म्हणालीस, "अव्वा, तू मुद्दाम ठेवलंस ना? लिहिताना शाल घसरते म्हणून?" होस्टेलातल्या मुलींनी म्हणे आपापल्या शालींना कात्रीनं भोकं पाडून घेतली आणि सगळ्यांच्या उसवल्या. मी हो म्हटलं, मुद्दाम ठेवलं. चंदन, ते खोटं होतं. सत्य बोलायचं व्रत असलेल्या बाईनं लेकीशी बोललेलं खोटं. रोज दोष कबूल करायच्या प्रतिक्रमणात मी ते अजून म्हटलेलं नाही, कारण म्हटलं तर सोडून द्यावं लागेल.

घरचं म्हणशील तर अण्णांचा गुडघा थंडीनं धरतोय. परसातला पेरू यंदा भरपूर लागला. धनपालदादाला पुण्याला दोन खोल्यांची जागा मिळाली. अंजनाचे मालक पुढच्या महिन्यात कायमचे घरी येताहेत, पेन्शनीत. तिनं दारापुढं तुळशी लावल्यात आणि येताजाता त्यांना सांगते, "मालक येनारेत, नीट वाढा गं बायांनो."

त्र्याहत्तरच्या चातुर्मासाचं लिहू का नको असं करत होते, पण लिहिते. माताजींचा संघ सांगलीत चातुर्मासाला थांबला तेव्हा तुला पत्र घालणारी मीच. रोज सकाळी आहाराच्या वेळी जा, पाणी गाळून दे, वाचन ऐक, असं कुणी लिहिलं होतं? मला वाटलं, होस्टेलात राहून पोर चहा-बिस्किटांना लागेल, देवाधर्माला विसरेल. तुझं नावही मीच ठेवलेलं. अण्णांना सुनंदा ठेवायचं होतं. मी हटून बसले की चंदनबालाच, महावीरस्वामींच्या संघातली पहिली साध्वी. बारशाला बायका म्हणाल्या, मोठं नाव आहे, पेलेल का पोरीला? मी म्हटलं, न पेलायला काय झालं. आज ते नावही तू ठेवणार नाहीस. दीक्षेनंतर दुसरं देतील.

गेल्या दिवाळीत तू आलीस तेव्हा पहाटे उठून सामायिकाच्या ध्यानाला बसलीस, उघड्या फरशीवर, नुसत्या एका पांढऱ्या लुगड्यानिशी. मी शाल आणून मागं उभी राहिले. घालावी की नाही कळेना. तुझ्या दंडावर काटा आला होता, पण चेहरा असा होता की मी हाक मारली असती तर ती दुसऱ्या कुणाला मारल्यासारखी झाली असती. शाल तशीच हातात घेऊन मी आत आले आणि चूल पेटवली. जाताना मी ती तुझ्या पिशवीत कोंबली. तू पाहिलंस, बाहेर काढली नाहीस. मला तेवढ्यावर आशा वाटली. ती तेरा तारखेला परत आली.

कागद आला त्या संध्याकाळी अण्णांनी चष्मा पुसला, दोनदा वाचला, सही केली, तारीख घातली आणि कचेरीतल्यासारखा टीपकागद दाबला. चपला घालून बाहेर पडले ते किल्ल्याच्या वाटेनं कुठवर गेले कोण जाणे, त्या गुडघ्यानं. परत आले तेव्हा दिवस मावळून गेला होता, त्यामुळे त्या दिवशी जेवण नाही. मीही जेवले नाही. पुण्याहून धनपालचं कार्ड आलं, "अव्वा, तू सही करू नकोस. माताजी दोघांच्या सहीशिवाय दीक्षा देत नाहीत. तुझी रेघ रिकामी राहिली तर ती परत येईल." त्यानं ते वाक्य अधोरेखित केलंय. म्हणजे बाई, सगळं माझ्या एका रेघेवर येऊन थांबलं. अठरा दिवस कागद देव्हाऱ्याखाली होता. रोज पूजा करताना दिसायचा.

बस्तीत बातमी कळली तशा बायका नारळ घेऊन आल्या. कुळ उद्धरलं म्हणाल्या. मी सगळ्यांना साखर दिली. मला तेव्हा बनाबाई आठवली. तिच्या मुलीनं दीक्षा घेतली तेव्हा मीच पुढं होऊन म्हटलं होतं, भाग्यवान आहेस गं. ती माझ्याकडं नुसती बघत राहिली होती. मला वाटलं होतं, आनंदानं बोलवेना. आठ वर्षांनी समजलं ते बघणं कसलं होतं. अंजना तेवढी नारळ न घेता आली. माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "वयनी, एकात्तरला आमचं मालक लढाईवर गेलं तवा मला कुनी इचारलं न्हाई, जाऊ देतीस का म्हनून. तुमाला इचारत्यात. ह्ये बरं का वाईट, मला कळंना." पण ते विचारणं मनात राहिलं. आणि त्याच्या मागून ते दुसरं आठवलं, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या पोरीचं, पण तिला विचारलं का? तीस वर्षं मी बस्तीच्या दारात लोकर उतरवून ठेवते आणि बाहेर येताना उचलून घेते. मला कधी प्रश्न पडला नाही. तुला नवव्या वर्षी पडला, माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि तू ते अकरा वर्षं शोधत राहिलीस. सापडलं म्हणतेस. मग मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू? मी इतकंच म्हणू शकते की उत्तर सापडलं नसतं तर मला बरं वाटलं असतं. हा माझा मोह आहे आणि तो लपवून पत्र लिहायचं तर मग पत्रच कशाला लिहायचं.

तर आता खरं सांगते. या पत्राबरोबर वेगळं पार्सल येतंय. त्यात शाल आहे, पण ती नव्हे. ती मोरपंखी मी माझ्या उशाशी ठेवलीय. ही पांढरी आहे, सुताची. पंडितांना विचारून घेतलं. क्षुल्लिकेला एक लुगडं आणि एक पांघरायचं वस्त्र चालतं, शिवलेलं मात्र नको. विणलेल्याला शिवण नसते, कुठं कापलेलं नसतं, असं मी त्यांना सुया दाखवून समजावलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. रोज अंघोळ करून, धुतलेलं नेसून, णमोकार म्हणत विणली. सूत लोकरीसारखं ताणत नाही, बोटांची सालं निघाली. अंजना म्हणाली, "सुताला ऊब न्हाई यायची." म्हणून दुहेरी धाग्यानं विणली. ती शाल घ्यायच्या तऱ्हा वर लिहिल्या त्यातल्या बऱ्याच तुला आता लागणार नाहीत. शोभेची पट्टी नको, फौजी गाती नको. खोळ मात्र लागेल. केशलोचाच्या वेळी तुझे केस हातानं उपटतील. दर रविवारी शिकेकाईनं न्हाऊ घालताना गुंत्यात एक केस ओढला गेला तरी तू केवढ्यानं "अव्वा" म्हणून ओरडायचीस. त्या दिवशी ओरडणार नाहीस हे मला माहीत आहे. मी मंडपात येईन, पण तेवढा वेळ बाहेर बसेन, मला क्षमा कर. नंतर चार दिवस टाळू गार पडते म्हणतात. तेव्हा बिराप्पाची खोळ कर, कपाळापर्यंत ओढून. आणि एक. शालीच्या डाव्या कोपऱ्यात एक टाका गळू दिलाय, वरखाली गाठ मारून. या वेळी खरंच मुद्दाम. म्हणजे तेव्हाचं माझं बोलणं आता खोटं राहिलं नाही असं मी धरून चाललेय. माताजींच्या नजरेला आलं तर विणणाऱ्या बाईची चूक म्हण. चूकच आहे.

सही केलेला कागद त्याच शालीच्या घडीत आहे. आज सकाळी पूजेनंतर केली. हातानं केली, मनानं केलीस का ते विचारू नकोस. दीक्षा माघ शुद्ध पंचमीची, तिला अजून सोळा दिवस आहेत. त्यानंतर तू कुणाची मुलगी राहणार नाहीस. मी समोर आले की हात जोडून "इच्छामि" म्हणेन आणि तू पिंछी उचलून जसा सगळ्यांना तसा मलाही आशीर्वाद देशील, तुझ्या हातात मोराची पिसं असतील, माझ्या पिशवीत मोरपंखी शाल. मग मला "प्रिय चंदन" लिहिता येणार नाही आणि तुला "अव्वा" लिहिता येणार नाही. म्हणून एवढं लांबण लावलं. सोबत एक कोरं कार्ड ठेवलंय, पत्ता मी घातलाय. जास्त काही लिहू नकोस, व्रतात बसत नसेल. वर "प्रिय अव्वा" घाल, आणि खाली शाल पोचली का आणि अंगठा बसतो का, एवढंच उलट टपाली कळव.

तुझीच,
अव्वा